बास्क जहाज आणि सायडर: एक दिवसाची गाईडेड सहल घ्यावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मार्चमध्ये तुम्ही दोघं आणि तुमचे आईबाबा सान सेबास्तियनला (स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावर, बास्क लोकांच्या मुलखात) तीन दिवस आहात, ‘बास्क दर्यावर्दींचा इतिहास आणि सायडर हाउस’ (सायडर म्हणजे आंबवलेला सफरचंदाचा रस, आणि तो बनवून पाजणारं ठिकाण ते सायडर हाउस) अशी एक दिवसाची टूर दिसली आहे, पैसे वसूल होतील का? आणि आई शाकाहारी आहेत, त्यांचं जेवणाचं काय?

वसूल होतील. फक्त बुक करण्याआधी एक गोष्ट विचारा: आधी जहाज की आधी सायडर?

हे अनुभवातून सांगतेय. मी ही सहल दोनदा केली आहे. पहिल्या खेपेला ज्या कंपनीबरोबर गेलो त्यांनी आधी सायडर हाउसला नेलं आणि जेवणानंतर जहाज दाखवायला काढलं. ते जेवण म्हणजे लग्नाची पंगत. बसमध्ये निम्मी मंडळी घोरत होती, आणि सोळाव्या शतकातल्या जहाजासमोर एक काका गाईडला टॉयलेट कुठे आहे एवढंच विचारत होते. दुसऱ्यांदा आम्ही उलट क्रमाने गेलो, आणि तेव्हा कळलं की या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच. सायडर हे त्या जहाजाचं पिण्याचं पाणी होतं.

सान सेबास्तियनच्या पूर्वेला पाच-सहा किलोमीटरवर पासाइया आहे. डोंगराच्या दोन भिंतींमधून समुद्र आत शिरलेला, एका काठावर सान पेद्रो, समोरच्या काठावर दोनिबाने. सान पेद्रोच्या बाजूला आल्बाओला नावाचा जहाजबांधणीचा कारखाना आहे, तिथे ‘सान हुआन’ या व्हेल-शिकारी जहाजाची प्रतिकृती जुन्याच पद्धतीने, लाकडात बांधली गेली. मूळ सान हुआन याच पासाइयात बांधलेलं. १५६५ च्या शरदात ते कॅनडातल्या लॅब्राडोरच्या किनाऱ्यावर, रेड बे इथे, व्हेलच्या तेलाची पिंपं भरून घरी निघायच्या तयारीत होतं. वादळात नांगरावरच बुडालं.

ते सापडलं कसं, ही गोष्ट गाईड घाईत उरकतात. तुम्ही आवर्जून विचारा. सेल्मा बार्कम नावाची संशोधक, नवरा गेलेला, पदरात चार मुलं, अशी बास्क मुलखात येऊन राहिली आणि ओन्याती गावाच्या दफ्तरखान्यात सोळाव्या शतकातले कागद वाचत बसली. आपल्याकडे मोडी दफ्तर वाचणाऱ्यांना विचारा, एका पानाला काय डोळेफोड होते ते. मृत्युपत्रं, विम्याचे कागद, कोर्टकज्जे. (माणसं भांडली म्हणून इतिहास उरला, हे पेशवे दफ्तरालाही लागू आहे.) त्या कागदांवरून तिने लॅब्राडोरची बंदरं ओळखली, आणि १९७८ मध्ये कॅनडाच्या पाणबुड्या पुरातत्त्वज्ञांना रेड बेच्या तळाशी जहाज मिळालं. सुमारे ३,००० लाकडं वर काढली, एकेकाची मापं घेऊन चित्रं काढली आणि परत समुद्रतळात पुरली, कारण थंड गाळातच ती टिकतात. २०१३ मध्ये रेड बे जागतिक वारसा यादीत आलं. पासाइयातली प्रतिकृती त्याच मापांवर उभी आहे. आम्ही गेलो तेव्हा जहाज शेडमध्येच होतं. तुमच्या वेळी ते कुठे बघायला मिळेल याची आधी चौकशी करा.

माझं बालपण मालवणात गेलं, त्यामुळे लाकडी होडी मला नवी नाही. तरी तिथे एक गोष्ट पाहून मी थबकले. जहाजाच्या बरगड्यांना वाकडं लाकूड लागतं. सरळ ओंडका तासून वाकडा केला तर तंतू तुटतात आणि तो तुकडा पहिल्या मोठ्या लाटेला दगा देतो. म्हणून शेजारच्या नवारे प्रांतातल्या साकाना खोऱ्यात ओकची झाडं लहानपणापासून छाटून वाढवायचे, एक फांदी आडवी, एक उभी, म्हणजे पुढे झाड आपसूक बरगडीच्या आकाराचं होईल. लावणारा म्हातारा, जहाज बांधणारा त्याचा नातू. एक सुतार वाकसाने तासत होता, मी हात लावून बघू का विचारलं, त्याने मान डोलावली. लाकडाचा तंतू बोटाखाली वळणाबरोबर वळत जातो, कुठे तुटत नाही. डांबराचा वास, फटीत ठोकलेले तागासारख्या तंतूंचे पीळ. ते तर थेट आमच्या बंदरावरचं.

आता सायडरकडे. साठ माणसं धरा, रोज माणशी दोन लिटर, प्रवास आणि शिकार मिळून सहा महिने. एकवीस-बावीस हजार लिटर होतात. पिंपातलं पाणी काही आठवड्यांत सडायचं, आंबवलेला सफरचंदाचा रस टिकायचा. म्हणून किनाऱ्यामागच्या टेकड्यांवर सफरचंदाच्या बागा आणि किनाऱ्यावर जहाजं, दोन्ही एकमेकांच्या जिवावर वाढले. तिथल्या काही जुन्या शेतघरांत तर घर म्हणजेच घाणा. वरच्या मजल्यावर अजस्र तुळई, तिच्या दाबाने सफरचंद पिळायची, आणि माणसं-गुरं त्याच्या आजूबाजूला राहायची. गाडी असेल तर एस्कियो गावातलं इगार्तुबेइती हे शेतघर बघा, सोळाव्या शतकातलं आहे.

गाईड तुम्हाला सांगेल की सायडरमुळे बास्क खलाशांना स्कर्व्ही (क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रोग) होत नसे, ‘व्हिटॅमिन सी’मुळे. हे ऐका, पण सगळंच खरं धरू नका. सफरचंदात क जीवनसत्त्व बेताचंच, आंबवल्यावर आणखी कमी. मात्र अगदीच थाप नाही: १७४७ मध्ये ब्रिटिश आरमारातला डॉक्टर जेम्स लिंड याने स्कर्व्ही झालेल्या बारा खलाशांवर जोडीजोडीने वेगवेगळे उपाय करून पाहिले, त्यात संत्री-लिंबूवाले सर्वांत लवकर उठले आणि त्यांच्याखालोखाल फरक दिसला तो सायडरवाल्यांना.

दोनिबानेला जायला छोटी होडी आहे, दोन-तीन मिनिटांत पलीकडे. काही टूर ती गाळतात, तुम्ही गाळू नका. एकच गल्ली, घरांच्या पोटातून बोगद्यासारखी जाणारी. फ्रेंच लेखक व्हिक्टर ह्यूगो १८४३ मध्ये इथे राहिला होता, ते घर दाखवतात. बाहेरून बघितलं तरी चालेल.

होडीत आमच्या गाईडने विचारलं, कुठल्या? भारत म्हटल्यावर म्हणाली, “गोवा! आमचा हाविएर तुमच्याकडे आहे.” मला क्षणभर कळेना. जुन्या गोव्यात ज्यांचं शव आहे ते फ्रान्सिस झेवियर, १५०६ मध्ये नवारेच्या हाविएर किल्ल्यात जन्मलेले, मातृभाषा बास्क. आणि ‘हाविएर’ हे मुळात ‘एचे बेरी’, म्हणजे नवं घर. आपल्याकडचे नवघरे.

सायडर हाउस बहुधा आस्तिगारागात असेल, शहराच्या दक्षिणेला, बसने फार वेळ लागत नाही. मार्च म्हणजे ऐन हंगाम. जानेवारीच्या उत्तरार्धापासून एप्रिलअखेरपर्यंत पिंपातून थेट प्यायला मिळतं, नंतर बऱ्याच ठिकाणी बाटलीवर भागवावं लागतं. थंड तळघर, माणसाच्या दुप्पट उंचीची पिंपं. मध्येच कोणीतरी ओरडतं, “चोच!” लिहायला आपली पक्ष्याची चोच, उच्चार मात्र ‘चहा’तल्या च चा. मूळ अर्थ पिंपाच्या भोकात मारलेली काडी. सगळे जेवण टाकून उठतात, रांग लागते, भोक उघडतं आणि सुतळीएवढी धार लांब जाऊन पडते. ग्लास तिरका धरून धार काठावर झेलायची, फेस येतो, दोन बोटं भरली की बाजूला व्हायचं, मागच्याने तीच धार खाली न पडू देता झेलायची. लगेच पिऊन टाकायचं, कारण मिनिटभराने मजा जाते. ग्लास पुढे करून वाकलेले ते लोक बघून मला घरट्यातली पिल्लंच आठवली, तेव्हा शब्द काही चुकीचा नाही. चव आंबट, तुरट; पहिला घोट ताकासारखा वाटेल, गोडवा शोधू नका. मद्य सहा टक्क्यांच्या आसपास, पण दोन-दोन बोटं करत किती झाली ते कळत नाही. गाडी चालवायची असेल त्याने त्या दिवशी उपास धरावा.

जेवण ठरलेलं असतं: कॉड माशाचं ऑम्लेट, मिरच्यांबरोबर तळलेला कॉड, मग हाडासकट जाडजूड स्टेक. हा स्टेक गोमांसाचा असतो आणि आतून जवळजवळ कच्चा, हे बाबांना आधी सांगून ठेवा. शेवटी इदियासाबाल चीज, अक्रोड आणि क्विन्स फळाची वडी, जी गोव्याच्या पेराडची, म्हणजे पेरूच्या वडीची, सख्खी बहीण शोभावी. जेवण असं का? पूर्वी शहरातले लोक वर्षभराचं सायडर विकत घ्यायला यायचे, कुठलं पिंप घ्यायचं ते चाखून ठरवायचे, आणि रिकाम्या पोटी चाखत राहिलं तर काय होतं ते अनुभवाने कळल्यावर घरून खाणं आणू लागले.

आईंसाठी: बुकिंग करतानाच ‘मासे, मांस नको’ असं लेखी कळवा, आयत्या वेळी सांगितलं तर ब्रेड आणि सॅलडवर बोळवण होते. अंडं चालत असेल तर साधं ऑम्लेट करून देतात. चालत नसेल तर चीज, अक्रोड आणि ती वडी यावर पोट भरावं लागेल, तेव्हा सकाळी हॉटेलात नीट खाऊन निघा. कित्येक जुन्या ठिकाणी उभ्यानेच जेवतात. आईबाबांसाठी बाक आहेत ना, हेही विचारा.

आणि कापडी बूट घालू नका. धार झेलायला जमेपर्यंत निम्मं सायडर पायावर सांडतं. माझे बूट दोनदा धुतले, तरी आठवडाभर बाल्कनीत आंबट वास मारत होते.