प्रोफेशनल तबलावादकाला शिकणाऱ्या मुलांसोबत वाजवण्यात खरंच मजा येते का?

कंटाळा पण येतो, खोटं कशाला बोलू. गाण्याच्या क्लासचा गुरुपौर्णिमेचा कार्यक्रम म्हणजे सकाळी ९ ला सुरू, चाळीस-एक मुलं, प्रत्येकाला सात-आठ मिनिटं, आणि त्यात तेच राग, भूप, दुर्गा, यमन, परत भूप. दुपारच्या बटाटेवड्यानंतर मध्यलय तीनतालाचा ठेका धरून अक्षरशः डुलकी लागते कधीकधी. पाकीट म्हणाल तर छोटंच, नारळाला जोडून येतं. तरी मी आषाढातला तो रविवार दरवर्षी राखून ठेवतो, मोठी मैफल आली तरी शक्यतो हलवत नाही.

कारण सांगतो. मोठ्या गायकाची साथ करताना तो सम (तालाचा पहिला ठोका, जिथे गाणं येऊन टेकतं) चुकेल अशी काळजी मला नसतेच, माझ्यामुळे त्याला त्रास होऊ नये एवढंच बघायचं, ठेका स्वच्छ आणि लय जागेवर. मुलांकडे उलटं असतं, पुढच्या आवर्तनात, म्हणजे तालाच्या पुढच्या फेरीत, काय होणार ते गाणाऱ्यालाही माहीत नाही आणि मलाही नाही, त्यामुळे कान असे टवकारलेले असतात की बास.

एक उदाहरण देतो, विलंबित म्हणजे संथ लयीतल्या एकतालाचं. मात्रा (ठोके) १२, त्यात 'तिरकिट' हा बोल दोनदा येतो, एकदा चौथ्या मात्रेला आणि एकदा दहाव्या. बऱ्याच मुलांना घरी मोबाईलवरच्या तबल्याबरोबर 'तिरकिट ऐकलं की मुखडा (समेवर आणणारी गाण्याची ओळ) घ्यायचा' अशी सवय लागलेली असते, आणि स्टेजवर घाबरलं की चौथ्याचं तिरकिट ऐकूनच सुटतात. दोन्हीत फरक आहे, चौथ्यानंतर 'तू ना' येतं, त्यात डग्ग्याचा (डाव्या हाताच्या मोठ्या तबल्याचा) घुमारा नाही, दहाव्यानंतर 'धी' येतो भरून. पण घशाला कोरड पडलेली असताना डग्गा कोण ऐकतंय!

मागे एक अकरावीतली मुलगी यमन गात होती आणि तिने नेमकं हेच केलं, चौथ्यालाच मुखडा उचलला आणि सातव्या मात्रेवर येऊन थाटात थांबली. मी तिथलं 'कत् ता' जरा ठासून वाजवलं आणि मान हलवली. तिला कळलं. चेहरा पडला, पण थांबली नाही, आकारात (नुसत्या 'आ'मध्ये) शिरली आणि तसंच ताणत राहिली. त्या लयीत पुढची सम यायला वीसेक सेकंद होती, म्हटलं तर काहीच नाही, पण स्टेजवर बसलेल्या पोरीला विचारा. दहाव्याचं तिरकिट मी जरा मोकळं वाजवलं, तिने मुखडा उचलला आणि आली बरोब्बर समेवर, आणि चक्क हसली हो. समोरच्यांना काही कळलं नाही, तिची आई तर त्या आधीच्या चुकीलाच टाळ्या वाजवत होती.

मग पोरगी खुलली. द्रुतमध्ये, म्हणजे जलद लयीत, शेवटी स्वतःच्या मनाची तिहाई (एकच तुकडा तीनदा म्हणून समेवर यायचं) घेतली, गाण्याच्या बाईंनी शिकवलेली नव्हती हे बाईंच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं. एक मात्रा आधी संपली. मी मात्र सम दणकून दिली आणि आम्ही दोघं हसलो. त्या क्षणासाठी मी जातो. ठरलेल्या मैफलीत असं हसायला कुठे मिळतं.

आणि एक, भीतीने मुलांची लय चढते. आधी मी ती हट्टाने धरून ठेवायचो, प्रोफेशनल ना आपण! त्यात दोन-तीन जण रडवेले झाले तेव्हा कळलं की थोडं त्यांच्याबरोबर जायचं आणि मग हळूच मागे आणायचं, ऍपला ते जमत नाही. हे मला कुठल्या मोठ्या गवयाने नाही शिकवलं, या पोरांनीच.

तुम्ही स्वतः वाजवत असाल आणि कुणी बोलावलं तर जा बिनधास्त. फक्त तबले दोन न्या, मुलींसाठी काळी चार पट्टीचा आणि आवाज फुटलेल्या मुलांसाठी काळी एकचा, नाहीतर दिवसभर सूर जुळवायला गट्ठे (तबल्याच्या बाजूचे लाकडी ठोकळे) ठोकत बसाल. पावसाळी हवेत तबला उतरतोच, त्यामुळे हातोडी विसरू नका. मी एकदा विसरलो होतो, मग बाईंच्या स्वयंपाकघरातला बत्ता आणून लावला, आणि त्या दिवसापासून क्लासची पोरं मला बत्तेकाका म्हणतात.