दरवर्षीच्या ५० तासांच्या प्रशिक्षणाचा गणिताच्या शिक्षकाला वर्गात खरंच उपयोग होतो का?

होतो, पण मुलांच्या वह्या सोबत नेल्या तरच. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातले ते ५० तास पीपीटी बघूनही भरतात आणि मोबाईलवर व्हिडिओ नुसता चालू ठेवूनही.

२०१९ ची गोष्ट. बालभारतीचं दुसरीचं गणिताचं पुस्तक बदललं होतं. सत्तावीसच्या जोडीला ‘वीस सात’ असं वाचन आलं आणि त्यावरून राज्यभर गदारोळ झाला. जुने शब्द कुणी काढले नव्हते, पण ऐकतो कोण! माझ्या वर्गातली एक मुलगी सत्तावीस सांगितलं की ७२ लिहायची, एकोणचाळीस सांगितलं की १४. तिची वही घेऊन मी प्रशिक्षणाला गेले. तज्ज्ञ म्हणाले, “सराव कमी पडतोय, बाई.” चहाच्या सुट्टीत शेजारच्या केंद्रातल्या, म्हणजे शेजारच्या शाळांच्या गटातल्या, एका बाईंनी वही मागून घेतली, दोन पानं उलटली आणि म्हणाल्या, “अहो, ही कानावर पडतं त्या क्रमाने लिहितेय. आधी सात, मग वीस.” एकोणचाळीसमध्ये तिला एक आणि चाळीस ऐकू येत होतं. चाळीसला एक कमी, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणजे मीच.

परत आल्यावर तिच्यासमोर दहा-दहा काड्यांचे दोन गठ्ठे आणि सात सुट्या काड्या ठेवल्या. तिने गठ्ठ्यांवर बोट ठेवलं, “वीस.” सुट्या मोजल्या, “सात.” वहीत लिहिलं २७. मग मी म्हटलं, यालाच सत्तावीस म्हणतात. आमचे तेव्हाचे मुख्याध्यापक दारातूनच म्हणाले, “आम्ही काय काड्या मोजून शिकलो?” सर, तुमच्या वर्गातली जी मुलं चौथीनंतर शाळेत दिसलीच नाहीत, त्यांना हे विचारायला हवं होतं.

तेव्हा प्रशिक्षणाचं नाव बघू नका, तिथे वह्या उघडतात का ते बघा. केंद्राच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, एकमेकांचे तास बघायची सोय मागा. जपानमध्ये शिक्षक मिळून पाठ आखतात, एक जण शिकवतो आणि बाकीचे मुलं काय करतात ते टिपतात. त्याला ना प्रोजेक्टर लागतो ना निधी.

हे सगळं पहिली-दुसरीच्या अनुभवावरून. नववी-दहावी मी शिकवलेली नाही. आणि पाढे पाठ हवेतच, त्याबद्दल सरांशी माझा कधीच वाद नव्हता. वाद काड्यांचा होता. दिवाळीपर्यंत ती मुलगी एकोणनव्वदसुद्धा न अडखळता लिहायला लागली होती.