सोनचाफा पिवळा पडतोय, पण फुलांनी नाही!

प्रश्न: काका, दोन वर्षांपूर्वी कोकणातून सोनचाफ्याचं कलम आणून अंगणात लावलं. पहिल्या पावसाळ्यात मस्त फुललं, आता नवीन पानं पिवळी येतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, कळी धरली तरी गळते. शेणखत झालं, डीएपी झालं, व्हिडिओ बघून अंड्याची टरफलं पण टाकली. बोअरचं पाणी रोज घालतो. झाड जाणार का? (एक वाचक, फलटण)

उत्तर: जाणार नाही, पण आधी हात आवरा! तुमच्याकडे उसावर केवडा पडतो ना, म्हणजे पानं पिवळी पडतात, हा तोच प्रकार, लोहाची कमतरता. नत्र कमी पडलं की जुनी, खालची पानं आधी पिवळी होतात, तुमची शेंड्याची होतायत म्हणजे भानगड लोहाची. आणि गंमत अशी की मातीत लोह असतं, चुनखडीमुळे ते मुळांना घेता येत नाही. सोनचाफ्याला कोकणातली आंबट, निचऱ्याची माती मानवते आणि तुम्ही त्याला चुनखडीच्या जमिनीत बसवून वरून बोअरचं जड पाणी पाजताय, त्यात अंड्याची टरफलं म्हणजे पुन्हा चुनाच झाला की. डीएपीतल्या स्फुरदाने लोह आणखी अडकतं, त्यामुळे तेही बंद. खात्री करायची असेल तर आळ्यातलं वाळकं ढेकूळ घ्या आणि त्यावर व्हिनेगर टाका, फसफसलं की समजा चुना भरपूर आहे.

आता करायचं काय, तर लिटरभर पाण्यात 5 ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट, म्हणजे लोहाचं खत) आणि चिमूटभर लिंबूसत्व विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारा, दर पंधरा दिवसांनी दोन-तीन वेळा. द्रावण ताजंच वापरा, आणि फरशीवर सांडू देऊ नका, तांबडे डाग पडतात आणि मग घरात काय ऐकावं लागतं ते विचारू नका. नुसती हिराकस मातीत टाकलीत तर ती पण चुन्यात अडकून बसेल, कुजलेल्या शेणखतात आठवडाभर मुरवून मग द्या. पिवळी झालेली पानं सगळी हिरवी होतीलच असं नाही, नवीन फूट बघा.

पाणी रोज नको. दोन बोटं माती उकरून बघा, सुकली असेल तरच घाला, याची मुळं मांसल असतात, पाणी साचलं की कुजतात आणि कळ्या गळायचं ते पण एक कारण. पावसाचं पाणी साठवता आलं तर सोन्याहून पिवळं. मे-जूनमध्ये खोडाभोवती मातीचा उंचवटा करा म्हणजे पाणी बुडाशी थांबणार नाही.

प्रश्न: बीपासून आलेला सोनचाफा चार वर्षांचा झालाय, एक फूल नाही. तोडू का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर: अहो, तोडू नका! बियांचं झाड फुलायला सात-आठ वर्षं सहज घेतं, कधी त्याहून जास्त, आणि वाढतंही उंच, तेव्हा घराला खेटून असेल तर मात्र विचार करा. फुलांची घाई असेल तर शेजारी एक कलम लावा, ते वर्ष-दोन वर्षांत फुलतं. फक्त जोडाच्या खालून खुंटाला (ज्यावर कलम बांधलंय त्या रोपाला) धुमारे फुटले की लगेच काढा, नाहीतर वरचं कलम मरेल, खालचा खुंट माजेल आणि तुम्ही परत मलाच विचाराल, फुलं का नाहीत म्हणून.