टॅब कपाटात, पोरगी गप्प

प्रश्न : मॅडम, मुलगी अकरावी सायन्सला आहे. क्लाससाठी घेतलेल्या टॅबवर रात्र रात्र चित्रं काढत बसते. समोर म्हशीची धार काढून दूध देतात तो दूध कट्टा, चहाची गाडी, रंकाळा, असलंच काहीतरी. फिजिक्सला १०० पैकी ४३ पडले. तीन आठवड्यांपूर्वी मी तिच्यासमोर गॅलरीतली सगळी चित्रं डिलीट केली आणि टॅब कपाटात ठेवला. तेव्हापासून ती घरात कुणाशी बोलत नाही. चित्र तर टॅबच काढून देतो, त्यात हिची कला कसली? हा नाद कसा सोडवायचा? माझ्या मोबाईलवर राहिलेली तीन चित्रं सोबत पाठवतोय.
– एक पालक, कोल्हापूर

उत्तर : ४३ मार्कांनी माझी झोप उडाली नाही. दहावीला नव्वदच्या पुढे गेलेली मुलंही अकरावीच्या पहिल्या परीक्षेत आपटतात. मला खटकला तो ‘तिच्यासमोर’ हा शब्द. टॅब काढून घेतलात, ते एक वेळ समजू शकते. पण मुलीला समोर उभं करून तिची चित्रं पुसायची, ही शिस्त नव्हे, पाणउतारा आहे. गणित चुकलं म्हणून तुम्ही तिची वही चुलीत घातली असती का? ती गप्प आहे तो मला हट्ट वाटत नाही. आपण काही दाखवलं की ते आपल्याच अंगावर येतं, एवढा धडा तिनं घेतलाय. उद्या फिजिक्स झेपत नसलं तरी ती तुम्हाला सांगायला येणार नाही, आणि त्याची भीती मला मार्कांपेक्षा जास्त वाटते.

आता चित्रं. रंकाळ्याचा सूर्यास्त साधारण आहे, तसा सगळेच काढतात. चहाची गाडी बरी. दूध कट्ट्याचं चित्र मात्र पुन्हा बघा. धार काढणाऱ्यानं गुडघ्यांत बादली आवळून धरलीय, म्हैस चौकटीत अर्धीच आलीय आणि गिऱ्हाईक रिकामा ग्लास घेऊन ताटकळलंय. हे फोटो बघून काढलेलं दिसत नाही. पोरगी तिथं उभी राहिलेली आहे.

‘टॅबच काढून देतो’ हा समज अनेक घरांत आहे. पेन दाबावं तशी रेघ जाड-बारीक होते, रेघा आणि रंग वेगवेगळ्या लेअरवर, म्हणजे एकावर एक थरांत, ठेवता येतात, चुकलं की मागं जाता येतं. यंत्राचं काम एवढंच. म्हैस कुठं कापायची, सावली कुठं पाडायची, कुणाला चित्रातून गाळायचं, हे पेनाला कळत नाही. नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला तो तुमच्याच गावात. चित्रकाराच्या हातातल्या यंत्राला कोल्हापूरकरानं तरी नावं ठेवू नयेत! टॅबची एक खोट मी मान्य करते. सारखं मागं जाता येतं, त्यामुळं रेघ भित्री होते. म्हणून तिला रोज अर्धा तास साधी वही आणि बॉलपेन द्या, खोडरबर नको.

हा सराव परीक्षेलाही लागेल, कारण यूसीड या डिझाइनच्या प्रवेश परीक्षेत हातानं कागदावर चित्र काढावं लागतं. बी.डेस. या डिझाइनच्या पदवीसाठी ही यूसीड आणि एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची डॅट, बीएफए या चित्रकलेच्या पदवीसाठी राज्याची सीईटी, हे बारावीनंतरचे रस्ते. यूसीडला कुठलीही शाखा चालते, त्यामुळं सायन्स सोडायची घाई नको. फिजिक्सचं वेगळं बघा : नेमकं काय कळत नाही, हे तिला कुणी विचारलंय का?

नाद कसा सोडवायचा, ते मी सांगणार नाही. यात पैसा नक्की आहे, असंही लिहून देणार नाही. फ्रीलान्स कामाचे पैसे उशिरा येतात, कधी चार वेळा मागावे लागतात. पुस्तकं, जाहिरात, ॲनिमेशन, गेम, ॲपचं डिझाइन इथं कामं आहेत, पण ती पोर्टफोलिओ बघून मिळतात. आणि पोर्टफोलिओ म्हणजे तुम्ही पुसलीत तीच चित्रं.

ती कदाचित परत मिळतील. तुम्ही गॅलरी रिकामी केलीत, चित्रांच्या ॲपमधल्या मूळ फाइल्स तशाच असू शकतात. शिवाय बऱ्याच टॅबवर डिलीट केलेलं ३० दिवस ट्रॅशमध्ये राहतं. त्यातले तीन आठवडे गेलेत. टॅब आजच बाहेर काढा, चार्जिंगला लावा आणि तिच्या हातात द्या. मार्कांची अट घालू नका. शोधायचं कसं, ते तिला तुमच्यापेक्षा चांगलं कळतं.