चेनसॉचा सायलेन्सर मोठा करावा का?

प्रश्न : माझ्याकडे 58 सीसीचा चेनसॉ आहे. काजूच्या बागेतील वाळलेली झाडे आणि पावसाळ्यात उन्मळून पडणारी आकेशियाची झाडे तोडण्यासाठी मी तो वापरतो. गेल्या हंगामापासून जाड ओंडक्यात तो दमू लागला आहे. सायलेन्सरला आणखी एक भोक पाडावे आणि सिलिंडरखालचे गॅस्केट काढून टाकावे, म्हणजे ताकद वाढेल, असे गावातील फिटर म्हणतो. तसे करावे का?
— एक वाचक, लांजा

उत्तर : फिटरने सुचवलेले दोन्ही उपाय हौशी मंडळी सर्रास करतात आणि त्यांनी फरकही पडतो, परंतु ते धडधाकट इंजिनासाठी आहेत. तुमचे यंत्र पूर्वी नीट कापत होते आणि आता दमते आहे, तेव्हा आधी त्याचे दुखणे शोधायला हवे.

सुरुवात साखळीपासून करावी. कापताना जाडसर फोलपटे न उडता पिठासारखा बारीक भुसा पडत असेल, तर दोष इंजिनाचा नाही. या आकाराच्या यंत्रांवर बहुधा 0.325 इंच पिचची साखळी असते आणि तिला 4.8 मिलिमीटरची गोल कानस लागते. दात घासून घासून खाली जातात, पण त्यांच्या पुढचा खोली ठरवणारा उंचवटा तसाच राहतो, ही गोष्ट बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. तो दाताच्या टोकापेक्षा सुमारे 0.65 मिलिमीटर खाली असावा; नसल्यास दात कितीही धारदार असला तरी लाकडावरून नुसता घसरतो. दमलेले म्हणून माझ्याकडे आणलेले कित्येक चेनसॉ अर्ध्या तासाच्या कानशीने बरे झाले आहेत, आणि मालकाला ते पटवून देण्यास मात्र त्याहून अधिक वेळ लागला आहे.

त्यानंतर सायलेन्सरचे बोल्ट काढून धूर बाहेर पडण्याच्या खिडकीतून पिस्टनकडे बॅटरीच्या उजेडात पाहावे. पिस्टन गुळगुळीत असेल तर ठीक. याच बाजूला उभे ओरखडे दिसले, तर पेट्रोल कमी आणि हवा जास्त मिळाल्याने किंवा तेल कमी पडल्याने पिस्टन भाजला आहे असे समजावे; कार्ब्युरेटरच्या बाजूला झीज असेल, तर फिल्टरमधून धूळ आत गेलेली असते. रेस सोडल्यावरही इंजिन काही क्षण वरच्याच आवाजात राहत असेल, तर क्रँकचे ऑइल सील किंवा कार्ब्युरेटरमागचा रबरी बूट हवा ओढत असण्याची शक्यता मोठी आहे. अशा स्थितीत सायलेन्सर मोकळा केला, तर मरणाऱ्या इंजिनाला आपणच पुढे ढकलल्यासारखे होईल. सायलेन्सरच्या तोंडाशी ठिणग्या अडवणारी बारीक जाळी असते; ती काजळीने बुजली तरी यंत्र दमते. ती साफ करावी, पण कायमची काढून टाकू नये, कारण फेब्रुवारी-मार्चमध्ये कातळावरचे वाळलेले गवत पेटायला एक ठिणगी पुरते.

हे सर्व ठीक असेल, तरच भोक पाडण्याचा विचार करावा. वाट मोकळी झाली की इंजिन अधिक हवा ओढते, आणि त्या प्रमाणात पेट्रोल वाढवले नाही तर मिश्रण पातळ होते. मी स्वतः एकदा सायलेन्सर मोठा करून कार्ब्युरेटरवरचा, पूर्ण रेसला मिळणारे पेट्रोल ठरवणारा ‘एच’ खुणेचा स्क्रू तसाच ठेवला आणि तिसऱ्या ओंडक्यात पिस्टन जाम करून बसलो. हा स्क्रू घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने, एका वेळी आठव्या हिश्श्याने फिरवावा. लाकडाबाहेर पूर्ण रेस दिल्यावर आवाज किंचित तुटक, भरडा यावा आणि साखळी लाकडात शिरताच तो स्वच्छ व्हावा, ही खरी परीक्षा. लाकडाबाहेरही आवाज तीक्ष्ण शिट्टीसारखा येत असेल, तर ताबडतोब थांबावे.

गॅस्केट काढण्यापूर्वी प्लगच्या भोकातून मऊ सोल्डरची तार सिलिंडरच्या भिंतीपर्यंत सरकवून, दोरी ओढून इंजिन एकदा फिरवावे आणि चेपलेल्या टोकाची जाडी मोजावी. ही पिस्टन आणि सिलिंडरचे डोके यांमधली जागा; गॅस्केट काढल्यावर ती त्याच्या जाडीइतकी कमी होते, तरी निदान 0.5 मिलिमीटर उरली पाहिजे. त्यापेक्षा कमी उरल्यास वेगात पिस्टन डोक्याला आपटू शकतो. सिलिंडर खाली बसला की धुराची खिडकीही उशिरा उघडते, म्हणून केवळ दाब वाढल्याचा फायदा धरून चालत नाही. तुमच्या कामासाठी मी गॅस्केट तसेच ठेवीन.

प्रश्न : जाम झालेला पिस्टन बदलताना सिलिंडरही नवा घ्यावा लागतो का?
— एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : दर वेळी नाही. सिलिंडरच्या आतील थर बहुधा निकेल किंवा क्रोमचा, अत्यंत कठीण असतो, आणि दिसणारे ओरखडे पुष्कळदा त्यावर चिकटलेले पिस्टनचे ॲल्युमिनियम असते. कापसाच्या बोळ्याने फक्त त्या डागावर थोडे हायड्रोक्लोरिक ॲसिड लावल्यास ते फसफसून सुटते. ॲसिड खिडक्यांच्या उघड्या ॲल्युमिनियमला लागू देऊ नये, हातमोजे आणि चष्मा वापरावा, काम उघड्यावर करावे आणि नंतर भरपूर पाण्याने धुऊन तेल लावावे. नखाला खाच लागली किंवा थर सोलून खालचा धातू दिसला, तर सिलिंडर नवाच घ्यावा.