पोस्टफिक्स सुरूच होत नाही? आधी लॉग वाचा

पोस्टफिक्स, म्हणजे ईमेल पाठवणारा-स्वीकारणारा सर्व्हर प्रोग्राम, सुरू होत नसेल तर घाबरू नका, आणि सगळं काढून पुन्हा इन्स्टॉल तर मुळीच करू नका. नवीन मंडळी ही चूक बऱ्याचदा करतात. जुनी कॉन्फिग (सेटिंग्जची) फाइल तशीच राहिली तर बिघाडही तसाच राहतो.

आधी मेल लॉगमधली (मेल सर्व्हरच्या नोंदींच्या फाइलमधली) 'फेटल' (fatal) शब्द असलेली ओळ शोधा. बहुतेक वेळा उत्तर तिथेच असतं.

- 'अ‍ॅड्रेस ऑलरेडी इन यूज' दिसलं, तर मेलसाठीचं २५ नंबरचं पोर्ट एक्झिम किंवा सेंडमेल या दुसऱ्या मेल सर्व्हरने अडवलेलं असू शकतं. तो सर्व्हर बंद करा.
- रूट (मुख्य अ‍ॅडमिन युजर) म्हणून 'पोस्टफिक्स चेक' (postfix check) ही कमांड चालवा. मेन.सीएफ (main.cf) या पोस्टफिक्सच्या मुख्य कॉन्फिग फाइलमध्ये ओळीच्या सुरुवातीला चुकून स्पेस पडली, तर ती ओळ आधीच्या ओळीचाच भाग धरली जाते! हे डोळ्यांना पटकन दिसत नाही.
- डिस्क भरलीय का?

एका वेळी एकच बदल करा. टीएलएस (एन्क्रिप्शन), डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) नंतर. अडलात तर ती 'फेटल' ओळ जशीच्या तशी पाठवा, बघू आपण.