वेगवेगळ्या कन्सोलवाल्यांना एकमेकांशी ऑनलाइन खेळू द्यायला हवं का?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही सोनीचा पीएस ५ (प्लेस्टेशन) घेताय, तुमच्या मित्रानं "मला न विचारताच" मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स सिरीज एस घेऊन टाकला, आणि आता फुटबॉल एकत्र खेळायचं कसं. पुढे विचारलंय की सगळ्या कंपन्यांनी क्रॉसप्ले, म्हणजे वेगवेगळ्या कन्सोलवरून एकत्र खेळायची सोय, द्यायलाच हवा का, आणि देत नसतील तर त्यामागे तांत्रिक अडचण असते का.

द्यायलाच हवा. आणि अडचण तांत्रिक नसते. हे दुसरं वाक्य मी आमच्या घरात काही वर्षं भांडून सिद्ध केलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

आमचं घर नागपूरच्या महाल भागात. मी आणि माझा चुलत दादा एकाच पीएस २ वर वाढलो. कॉपी केलेल्या सीडी चालाव्यात म्हणून चिप लावलेला पीएस २, बर्डीच्या बाजारातून आणलेल्या सीडी, आणि मे महिन्याच्या दुपारी कूलरसमोर टाकलेली चटई. दोन कंट्रोलरपैकी एकाचं बटण अडकायचं, तो कायम माझ्या वाट्याला. पुढे दादा इंजिनिअर होऊन हैदराबादला गेला. नोकरी नेटवर्किंगमधली, त्यामुळे कॉम्प्युटर, मोबाइल, इंटरनेट यातल्या कशाहीबद्दल घरात त्याचा शब्द शेवटचा.

२०१६ च्या दिवाळीत त्यानं पीएस ४ घेतला. मलाही नुकती नोकरी लागली होती. पैसे साठवून बर्डीवर गेलो आणि दुकानदाराला स्पष्ट विचारलं, "माझ्या भावाकडे पीएस ४ आहे, त्याच्यासोबत ऑनलाइन खेळता येईल ना?" तो म्हणाला, "का नाही येणार? इंटरनेट तर एकच आहे ना भाऊ." एक्सबॉक्स वनवर त्या दिवशी सूट होती, तोच घेऊन घरी आलो. रात्री आनंदानं दादाला फोन केला. तो म्हणाला, "अबे, विचारायचं तरी होतं घ्यायच्या आधी!"

हे वाक्य मग घरात कायमचं राहिलं. मी मिक्सर आणला तरी काकू विचारायची, दादाला विचारलं होतं का?

आता खरा मुद्दा. आम्ही दोघांनी रॉकेट लीग घेतला. गाड्यांचा फुटबॉल, तिघांची एक टीम. प्रतापनगरचा माझा एक मित्र हाच खेळ पीसीवर खेळायचा. पीएस ४ आणि पीसीवाले त्यात २०१५ पासूनच एकत्र खेळत होते, एक्सबॉक्सवाले २०१६ मध्ये पीसीवाल्यांशी जोडले गेले. म्हणजे मित्र माझ्याशी खेळू शकत होता, दादाशीही खेळू शकत होता. फक्त मी आणि दादा एका मैदानात उतरू शकत नव्हतो. खेळ तोच, तिसरा खेळाडूही तोच.

२०१७ च्या दिवाळीत दादाला सुटी मिळाली नाही. तिघांनी फोनवर कॉन्फरन्स कॉल लावला आणि ठरवलं, पाळीपाळीनं खेळू. मित्र अर्धा तास माझ्यासोबत, मग अर्धा तास दादासोबत. माझी पाळी नसायची तेव्हा मी स्टीलच्या ग्लासाला फोन टेकवून त्यांचं ऐकत बसायचो. "डावीकडून ये, डावीकडून, मार!" मग दोघांचं हसणं. स्क्रीनवर माझी गाडी मेनूत नुसती गोल फिरत असायची. रात्री बाराच्या सुमारास मित्र म्हणाला, "बे, मी थकून गेलो तुमच्या दोघांच्या मधात." दुसऱ्या दिवशी कोणीच कॉल लावला नाही.

दादाचं म्हणणं असं: दोन्ही सिस्टीम वेगळ्या, नेटवर्क वेगळं, सुरक्षा वेगळी, हे जुळवणं सोपं नाही, तुला त्यातलं कळत नाही. माझं म्हणणं: पीसीची सिस्टीम तर दोघांपेक्षाही वेगळी, ती कशी जुळली मग? फायनल फँटसी ११ या ऑनलाइन खेळात २००६ साली पीएस २, पीसी आणि एक्सबॉक्स ३६० वाले एकाच सर्व्हरवर खेळत होते. आणि सप्टेंबर २०१७ मध्ये फोर्टनाइट या नेमबाजीच्या खेळात पीएस ४ आणि एक्सबॉक्सवाले काही काळ चक्क एकाच सामन्यात आले होते. तो खेळ बनवणाऱ्या एपिक कंपनीनं सांगितलं की कॉन्फिगरेशनची (सेटिंगची) चूक झाली, आणि दार लगेच बंद केलं. मी दादाला ती बातमी पाठवली. तो म्हणाला, "बग असेल." जे जमतच नाही ते चुकून कसं जमेल? बंद असलेलं दार चुकून उघडं राहू शकतं, पण त्यासाठी दार आधी असावं लागतं.

दार कोणाच्या हातात होतं हेही सांगतो. मार्च २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टनं जाहीर केलं की आम्ही तयार आहोत, बाकीच्यांनी यावं. स्विच कन्सोलवाला निन्टेन्डोही आला, जून २०१८ मध्ये दोघांनी मिळून माइनक्राफ्ट या खेळाच्या क्रॉसप्लेची जाहिरात केली. सोनी थांबून राहिली, कारण पीएस ४ सर्वांत पुढे होता. ज्याच्याकडे गर्दी आहे त्यानं कुंपण का काढावं? सप्टेंबर २०१८ मध्ये सोनीनं फोर्टनाइटपासून चाचणी सुरू केली, जानेवारी २०१९ मध्ये रॉकेट लीग उघडला, डिसेंबर २०१९ मध्ये माइनक्राफ्ट. मधल्या काळात जगात कुठलं नवं तंत्रज्ञान आलं नव्हतं.

उरलेली शंका मे २०२१ मध्ये फिटली. अमेरिकेत एपिक विरुद्ध ॲपल खटला चालला, त्यात कागदपत्रं बाहेर आली. सोनीची अट होती की खेळाडू जास्त वेळ प्लेस्टेशनवर खेळला आणि खरेदी मात्र दुसरीकडे केली, तर एका मर्यादेपुढे खेळाच्या कंपनीनं सोनीला भरपाई द्यायची. पंगत आमच्याकडे आणि पैसे शेजारच्या गल्ल्यात, हे त्यांना नको होतं. धंदा म्हणून मला ते समजतं. पण मग धंदा म्हणा, सिस्टीम वेगळी आहे म्हणू नका. ती बातमी मी घरच्या ग्रुपवर टाकली, काकूसाठी मराठीत चार ओळी लिहून. दादानं वाचली. उत्तर आलं नाही.

आपल्याकडे तर हे जास्तच लागतं. कन्सोल घेणारे मुळात थोडे. त्यांचेही दोन-तीन वाटे केले की रात्री अकरानंतर सहा माणसं जमायला किती वेळ लागतो, ते ज्यानं नागपुरात बसून एखादा कमी खपाचा खेळ लावलाय त्याला विचारा. लोक कंटाळून खेळ बंद करतात, मग उरलेल्यांना अजून थांबावं लागतं. तुम्ही घेतलेला खेळ असाच मरतो.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मायक्रोसॉफ्ट काही साधू नाही. एक्सबॉक्स ३६० च्या काळात ती पुढे होती तेव्हा बाहेरच्यांशी जोडू न देण्याच्या तिच्याच नियमांमुळे फायनल फँटसी १४ त्या कन्सोलवर येऊ शकला नाही. नेमबाजीच्या खेळात माउसवाल्यांसमोर कंट्रोलरवाल्याला टाकणं अन्याय आहे, म्हणून क्रॉसप्ले बंद करायचं बटण खेळाडूच्या हातात हवंच. आणि दादाच्या बाजूनं एक गोष्ट खरी आहे: खेळाचं अपडेट प्रत्येक कंपनी वेगळं तपासते, एका कन्सोलवर ते आधी आलं आणि दुसऱ्यावर उशिरा, तर तोवर दोघांचं जुळत नाही. ही कटकट खरी आहे. पण ती दोन-चार दिवसांची असते, वर्षांची नाही.

तुमच्यापुरतं सांगायचं तर ईए स्पोर्ट्स एफसी या फुटबॉलच्या खेळात पीएस ५ आणि सिरीज एस एकमेकांशी खेळू शकतात, कारण दोन्ही एकाच पिढीतले. पीएस ४ मात्र सिरीज एसशी जुळणार नाही, त्यामुळे पैसे वाचवायला जुना सेकंडहँड पीएस ४ घेऊ नका. खेळ दोघांना वेगवेगळा विकत घ्यावा लागेल आणि ऑनलाइनची वर्गणीही दोघांना आपापली भरावी लागेल. फोर्टनाइट, रॉकेट लीगसारख्या फुकट खेळांना वर्गणी लागत नाही. जमलं नाही तर आधी दोघांच्या सेटिंगमध्ये क्रॉसप्ले चालू आहे का ते बघा, बहुतेक वेळा तिथंच अडलेलं असतं.

आम्ही तिघं पहिल्यांदा एका टीममध्ये खेळलो ते जानेवारी २०१९ मध्ये. नागपुरात कडाक्याची थंडी होती, मी गोधडीत बसून बोटं चोळत खेळत होतो. एका कन्सोलवरून दुसऱ्यावर आवाज जात नव्हता, म्हणून फोन पुन्हा त्याच स्टीलच्या ग्लासाला टेकवला. दादाची मुलगी शेजारी झोपली होती, तो कुजबुजत होता, "पास दे, पास दे." पहिला सामना आम्ही हरलो. तो "अजून एक" म्हणाला आणि पहाटे दोनपर्यंत म्हणतच राहिला. विचारून घ्यायचं होतं, हे त्या रात्री कोणी बोललं नाही.

तुमच्या प्रश्नात "मला न विचारताच" असं आहे. मित्र वाचणार असेल तर ते काढून टाका. त्यानं चांगलाच कन्सोल घेतलाय.